रोहिणीचे पाणी



ज्या गुरुजींच्या नावाने आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना पाली येत नव्हती. हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नेम धरला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला की रोज संध्याकाळी वंदनेनंतर विहारात बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडायचा, आणि आश्विनी पौर्णिमेपर्यंत वाचून पुरा करायचा. समोर कधी पंधरा माणसे, कधी पाच. पावसाने झोडपले की एक म्हातारी आणि तिचा नातू. वाचन चुकले नाही.

मी उलट्या बाजूचा. मला पाली येते, निदान तिच्यावर माझे पोट चालले. कितीतरी वर्षे मी ती शिकवली आणि त्यातली बरीचशी वर्षे विहाराच्या पायरीवर पाऊल ठेवले नाही. वैर नव्हते, सवड नव्हती असेही नाही. ते आपले काम नव्हे, असे मनाने परस्पर ठरवून टाकले होते. गुरुजींनी पत्र पाठवून बोलावले, तेव्हा गेलो. 'बौद्ध विद्या आणि धम्मप्रसार' हा विषय तुम्ही मला दिला आहे. त्यातले माझे शिक्षण त्या संध्याकाळी सुरू झाले, म्हणून तिथूनच बोलतो.

मी त्या दिवशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट सांगितली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. बऱ्यापैकी रंगवून सांगितली असावी, कारण पोरेही गप्प बसली होती. संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "सर, एक इचारू काय? एकुणतीस वरसाचा गडी. घरात आजा-पंजा मेला नसन काय कोनी? त्यानं मढं पायलंच नाई?"

मी नेहमीचे उत्तर दिले. आजी, ही प्रतीके असतात, त्यांचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. आजींनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. "मंग गुरुजी वाचते त्या पुस्तकात तं रोहिणीच्या पान्याचं भांडन हाय," त्या म्हणाल्या. गुरुजी खाली मान घालून पुस्तकाचे पान सारखे करत होते. हसू दाबत असावेत.

तुमच्यापुढे कबूल करायला हरकत नाही, तोवर मी ते पुस्तक नीट वाचलेले नव्हते. चाळले होते. प्रचाराचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवले होते. घरी जाऊन ते उघडले आणि शेजारी दीघनिकाय उघडला. मग जे दिसले त्याने मला चांगलेच खाली बसवले. चार दृश्यांची गोष्ट निकायांत, म्हणजे बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहांत आहे, महापदानसुत्तात आहे. पण ती गौतमाची नाही. ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाची म्हणून सांगितलेली आहे. गौतमाच्या चरित्रात ती येते ती पुढच्या काळातल्या निदानकथेत, अट्ठकथांच्या, म्हणजे टीकाग्रंथांच्या थरात. उलट मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात बुद्ध आपल्या गृहत्यागाविषयी बोलतो, तेव्हा मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही, झोपलेल्या यशोधरेकडे टाकलेली शेवटची नजर नाही. आईबाप रडत होते, त्यांची इच्छा नव्हती, आणि अशा वेळी मी केस-दाढी काढून घराबाहेर पडलो, एवढेच तो सांगतो. सगळ्यांच्या देखत.

हे सारे मला ठाऊक असायला हवे होते. सुटे सुटे ठाऊक होतेही. महापदानसुत्त मी वर्गात शिकवलेले होते. विपस्सीची गोष्ट गौतमाला कशी चिकटली, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता, कारण मला तो कोणी विचारला नव्हता. परीक्षेत येत नाही. जिला अक्षरओळख जेमतेम होती अशा बाईने तो विचारला, आणि तिला तो विचारता आला कारण कोणीतरी तो तिच्या आधी विचारून, छापून, तिच्या विहारापर्यंत पोचवला होता.

तो तिथवर पोचला कसा, हे मला आज सांगायचे आहे. त्यासाठी गोव्याला जावे लागेल.

धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ गावी जन्मले. शिक्षण गावातलेच, तुटपुंजे; नारळीच्या बागेची राखण करणारा हा तरुण. त्याच्या हाती 'बालबोधमेवा' नावाच्या मासिकाचा अंक पडला आणि त्यात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले. हे मासिक मुलांसाठी होते आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. म्हणजे एका धर्माच्या प्रसारासाठी काढलेल्या बालमासिकाने दुसऱ्या धर्माचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पंडित घडवला. धर्मप्रसाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी असल्या गमती नजरेआड करू नयेत.

पुढची हकीकत तुमच्यातले बरेच जण जाणता. १८९९ मध्ये घर सोडले. पुण्यात, मग काशीत संस्कृत. काशीत अन्नछत्रांतून जेवण. नेपाळ, बोधगया, आणि १९०२ मध्ये श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसून पाली शिकले, चीवर घेतले, नंतर ब्रह्मदेशात राहिले. मला थांबावेसे वाटते ते यानंतरच्या एका व्यवहारापाशी. कलकत्त्याला विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले, पगार अडीचशे रुपयांचा. त्या काळी अडीचशे! सयाजीराव गायकवाडांनी त्यांना सांगितले, महाराष्ट्रात कुठेही राहा, बडोदे सरकार महिना पन्नास रुपये देईल, वर्षाकाठी एक पुस्तक लिहून द्या. कोसंबींनी अडीचशे सोडले आणि पन्नास घेतले.

हा त्याग वगैरे म्हणून सांगण्याची रीत आहे. मला त्यात हिशेब दिसतो. हा माणूस पाली शिकला कशासाठी? बुद्ध मराठी माणसाला सांगता यावा म्हणून. कलकत्त्यात राहून ते होणार नव्हते. त्यांची विद्या पहिल्या दिवसापासून कुणाला तरी सांगण्यासाठी मिळवलेली होती. आधी विद्वान झाले आणि मग प्रचाराकडे वळले, असा क्रम त्यांच्या आयुष्यात लावता येत नाही. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे १९१० चे छोटे पुस्तक व्याख्यानांतून झाले. मग 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय'. पुस्तके आकाराने बेताची आणि मराठी इतकी साधी की पंडिताने लिहिली असे वाटू नये. हाच माणूस हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्गा'च्या पाठशुद्धीचे काम करतो. ती आवृत्ती निघाली १९५० मध्ये, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली आणि त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. चिं. वै. राजवाडे यांनी दीघनिकायाचे मराठी भाषांतर केले. पुण्यात त्या दहा-पंधरा वर्षांत पालीला जो बहर आला होता, त्याविषयी आज वाचताना हेवा वाटतो.

आता आजींचा प्रश्न. १९१४ च्या 'बुद्धलीलासारसंग्रहा'त कोसंबी परंपरेतल्या कथा परंपरेच्याच चालीने सांगतात. १९४० मध्ये त्यांच्या 'भगवान बुद्ध'चा पूर्वार्ध निघाला. त्यात ते चार दृश्यांची कथा बाजूला करतात आणि सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्ताकडे बोट दाखवतात. या सुत्तात बुद्ध स्वतःला वाटलेल्या भयाविषयी बोलतो. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांवर शस्त्र उगारताना त्याला दिसतात. हे भांडण कुणाचे, ते सुत्त सांगत नाही. कोसंबी त्याला शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडतात आणि म्हणतात, आप्तांवर शस्त्र धरायचे की नाही, या पेचातून हा तरुण घराबाहेर पडला.

ही जोडणी सिद्ध झालेली आहे का? नाही. अट्ठकथेत रोहिणीचा तंटा येतो तो बुद्धत्वानंतर. बुद्ध मध्ये पडून तो मिटवतो. कोसंबींनी तर्क केला. मूळ पाठाला धरून केला, तरी तो तर्कच. माझ्या वर्गात कुणी असा निबंध लिहिला असता, तर मी समासात लाल प्रश्नचिन्ह काढले असते.

आणि इथे आंबेडकर येतात. शाळकरी भीमरावांच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र ठेवले होते, हे सर्वांना माहीत आहे. ते चरित्र १८९८ चे, मराठीतले. त्या वाचनाचे टोक 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये निघाले. या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार अडचणी मांडल्या आहेत, आणि पहिलीच आहे ती परिव्रज्येची, म्हणजे गृहत्यागाची. एकोणतीस वर्षांच्या माणसाला म्हातारपण, आजार आणि मरण पहिल्यांदाच दिसले, हे पटण्यासारखे नाही. आजींचाच प्रश्न. मग रोहिणीचा प्रसंग येतो, आणि तो कोसंबींच्या कितीतरी पुढे जातो. सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि सुचवतो, आपले दोन, कोलियांचे दोन, या चौघांनी पाचवा निवडावा आणि चौकशी करावी. मतदान होते, तो हरतो. बहुमत मान्य आहे, पण युद्धात जाणार नाही; बहिष्काराची धमकी येते, म्हणून देश सोडतो. आईवडील रडतात, आणि तो सर्वांसमक्ष परिव्राजक होतो. अरियपरियेसनसुत्तातले ते अश्रू इथे आलेले आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की नाते झाकून राहत नाही.

कोसंबींचा तर्क आंबेडकरांच्या हाती गेल्यावर बदलतो. कोसंबींचा प्रश्न पंडिताचा आहे, पाठात काय आहे आणि काय नाही. आंबेडकरांचा प्रश्न त्या लोकांचा आहे ज्यांना हा धम्म घ्यायचा आहे: आम्ही ज्याच्यामागे जायचे तो जगाला भिऊन पळालेला राजपुत्र आहे, की सभेत एकटा उभा राहिलेला नागरिक? पाण्याचे भांडण, सभा, ठराव, बहिष्काराची धमकी. १९२७ मध्ये पाण्याच्या हक्कासाठी महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसाच्या लेखणीतून हा प्रसंग असा उतरावा, यात मला नवल वाटत नाही. पण हा माझा तर्क. समासात तुम्ही प्रश्नचिन्ह काढा.

अभ्यास आणि प्रसार यांचा संबंध मला या एका प्रसंगात पुरता दिसतो. प्रश्न समाजातून येतो. तो पाठापर्यंत नेणे आणि पाठ काय म्हणतो ते परत आणून सांगणे, हे अभ्यासकाचे काम. कोसंबींनी पाठ आणला, पण त्यांचा वाचक होता पुण्या-मुंबईतला शिकलेला मध्यमवर्ग. त्या वाचकाला बुद्ध आवडला, पण त्याची गरज नव्हती. ही बोच कोसंबींना असावी. नाहीतर परळच्या गिरणगावात कामगार आणि दलित वस्तीसाठी बहुजन विहार उभा करायला ते साठीच्या उंबरठ्यावर गेले नसते. तिथे ते काही काळ राहिले. पण विहार उभा राहिला म्हणून चळवळ उभी राहते असे नाही. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यानंतर ज्या समाजाच्या मनात धर्मांतराचा विचार घोळत होता, त्याला उत्तर दुसऱ्या कुणी बांधून आणून द्यायला नको होते. स्वतःच्या प्रश्नासकट आत शिरायचे होते.

ही ओढाताण आपल्याकडचीच आहे, असे कुणी समजू नये. बौद्ध परंपरेत ती फार जुनी आहे, आणि तिला शब्दही आहेत. परियत्ती म्हणजे ग्रंथाभ्यास, पटिपत्ती म्हणजे आचरण. श्रीलंकेत ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात मोठा दुष्काळ पडला, भिक्खू उपाशी मेले, पाठांतराची परंपरा तुटायला आली. त्यानंतर वाद झाला, शासनाचे, म्हणजे बुद्धाच्या शिकवणुकीचे, मूळ कशात? चिंध्यांची चीवरे नेसणारे तपस्वी म्हणाले, आचरणात. धर्मकथा सांगणारे म्हणाले, अभ्यासात. जिंकले दुसरे. अंगुत्तराच्या अट्ठकथेत त्यांचा दाखला आहे तो गोठ्यातला आहे. बैल शंभर असोत की हजार, गाय नसेल तर वंश पुढे चालत नाही. तसे साधना करणारे कितीही असोत, ग्रंथ गेला की मार्ग गेला.

माझ्यासारख्या मास्तरांना हा निकाल फार सोयीचा. पण त्याच परंपरेत धम्मपदातला गुराखी आहे. दुसऱ्याच्या गाई मोजतो, दुधाचा थेंब त्याचा नाही. पुष्कळ पाठ असून वागणुकीत काही नसलेल्या माणसाला ती उपमा दिली आहे. गाईचाच दाखला, निकाल उलटा. मी निवृत्त झालो त्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना मला हा गुराखी आठवला, आणि भाषण लवकर आवरले.

भाषेचेही असेच. विनयपिटकात दोन ब्राह्मण भाऊ येतात, भिक्खू झालेले, वाणी गोड असलेले. त्यांची तक्रार अशी की नाना कुळांतले, नाना जातींतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आम्ही ते छंदस् मध्ये, म्हणजे शिष्टांच्या संस्कारित भाषेत घालतो. बुद्धाने त्यांना झापले आणि सांगितले, ज्याने त्याने स्वतःच्या बोलीत शिकावे. धम्मप्रसाराचे याहून मोठे फर्मान नाही. पण गंमत पुढे आहे. 'स्वतःच्या बोलीत' म्हणजे कुणाच्या? आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात, भिक्खूंच्या. अट्ठकथाकार बुद्धघोषाने अर्थ लावला, बुद्धाच्या स्वतःच्या, म्हणजे मागधीत! एका सर्वनामाने उघडलेले दार त्याच सर्वनामाच्या दुसऱ्या अर्थाने बंद झाले. व्याकरण ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०२४ च्या ऑक्टोबरात पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीबरोबरच. आनंद आहे. फक्त ती अभिजात होऊन छंदस् होऊ नये.

आता १९५६ कडे वळू. त्या वर्षी बुद्ध परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा उत्सव देशभर झाला. सरकारने त्यानिमित्त इंग्रजीत एक विद्वत्ताप्रचुर ग्रंथ काढला. त्याचे संपादक पु. वि. बापट, कोसंबींचे विद्यार्थी. ग्रंथ उत्तम आहे, मी तो आयुष्यभर वापरला. त्याच वर्षी सप्टेंबरात आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. माझे बुद्धावरचे पुस्तक छापून होत आले आहे, छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात जातो, तो मला झेपणारा नाही. सरकारने पाचशे प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना आणि उत्सवासाठी येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, सौजन्याने भरलेले. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, उत्सव समितीच्या अध्यक्षांना कळवतो, उत्सवात पुस्तक विक्रीला ठेवता येईल. पाचशे प्रतींचा विषय तिथे संपला. महिन्याभरात, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांसह लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कुशीनगरच्या भदंत चंद्रमणींनी बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुस्तक निघाले १९५७ मध्ये.

नेहरूंना लिहिलेले बाबासाहेबांचे ते पत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यातला एक तपशील मला सारखा अडवतो: त्यांना ते पुस्तक विद्वानांच्या हाती द्यायचे होते. आपण त्याला विहाराचे पुस्तक म्हणतो, आणि विद्वानही तसेच म्हणून सुटका करून घेतात. लेखकाला ते दोन्हीकडे जायला हवे होते. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक निबंध लिहिला होता. बौद्ध वाङ्मय समुद्राएवढे आहे, साध्या माणसाला हातात धरता येईल असा एक ग्रंथ हवा, आणि संघ बदलला पाहिजे, ही त्यातली मागणी होती. आधी मागणी छापली, मग स्वतःच ती पुरी करायला बसले. प्रकृती ढासळत असताना पाली व्याकरण आणि कोशाचे काम चालले होते, ते वेगळेच. प्रसारासाठी अभ्यास इतक्या खालून, धातू-प्रत्ययांपासून करणारा दुसरा पुढारी मला माहीत नाही.

विद्वानांनी काय केले? महाबोधी नियतकालिकातच परीक्षण आले आणि त्यात पुस्तकाच्या नावातला बुद्ध काढून तिथे आंबेडकर घालावेत, असे सुचवले गेले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. चार आर्यसत्यांबद्दल आंबेडकरांनी घेतलेली शंका, कर्म आणि पुनर्जन्माचा लावलेला अर्थ, यांवर पाली जाणणाऱ्याला बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण परीक्षकाने हा प्रश्न कुणाचा आहे, हे विचारलेच नाही. मागच्या जन्मीच्या पापामुळे तू या जातीत जन्मलास, असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, त्याच्यासमोर कर्मसिद्धान्त अट्ठकथेच्या भाषेत ठेवता येत नाही. ठेवलात तर तो उठून जाईल, आणि त्याचे बरोबर असेल.

एका विद्वानाने मात्र वेगळे केले. पंजाबात जन्मलेले भदंत आनंद कौसल्यायन. जातकांचे हिंदी भाषांतर ज्यांनी केले, ते हेच. बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दादरला जमलेल्या अफाट जनसमुदायाला दीक्षा देणारेही तेच. त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे हिंदी भाषांतर केले आणि ते करताना कोणता उतारा तिपिटकात कुठून आला, ते शोधून काढले. मूळ पुस्तकात असे संदर्भ नाहीत. किती चिकाटीचे, किती कंटाळवाणे काम! त्यासाठी कुणी हार घालत नाही. पण त्यामुळे विहारातल्या वाचकाला मूळ गाठता येऊ लागले. आधार कुठे आहे, आधार सोडून लेखक कुठे स्वतः बोलतो आहे, हे पाहता येऊ लागले. त्याने श्रद्धा डळमळीत झाली असे मला तरी आढळले नाही.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही रोज बघता. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि माणसे भाकरीच्या पिशवीत पुस्तके भरून नेतात. हे दृश्य भारतात दुसऱ्या कुठल्या यात्रेत दाखवा. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी अक्षर न येणाऱ्यांपर्यंत धम्म नेला, ती तर वेगळ्या व्याख्यानाची गोष्ट आहे. पण त्या पिशव्यांत जे जाते, त्यातले पुष्कळसे एकाचे दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने उतरवलेले असते. कालामसुत्ताचे घ्या. ग्रंथावर विसंबू नका, परंपरेवर विसंबू नका, हे भिंतीभिंतीवर रंगवलेले आहे. त्याच यादीत नुसत्या तर्कावरही विसंबू नका असे आहे, आणि सुज्ञ लोक काय निंदतात, काय वाखाणतात तेही पाहा, असे पुढे आहे. ते भिंतीवर नाही. जागा पुरली नसेल.

आणि आमच्या विभागांत? वर्गात बसणारी बहुतेक मुले बौद्ध घरांतली असतात. ती विहारातून येतात, प्रश्न घेऊन येतात. दोन वर्षांत आम्ही त्यांना विभक्ती शिकवतो आणि त्यांचे प्रश्न घालवतो. मीही घालवले. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, पुण्यानुमोदनात आपण मृताच्या नावाने पुण्य देतो, मग पुनर्जन्म नाही असे कसे म्हणायचे? मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही. तो आता गावाकडे बौद्धाचार्य आहे, लग्ने लावतो, पुण्यानुमोदनाचे विधी करतो. त्याने त्या प्रश्नाचे काय केले, ते विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही.

गुरुजी गेले त्याच्या पुढच्या वर्षावासात मी त्यांच्या विहारात पुन्हा गेलो. या वेळी गोष्ट रंगवली नाही. अत्तदंडसुत्त मराठीत करून नेले होते, सोबत अट्ठकथेतला रोहिणीचा प्रसंग. आजी नव्हत्या, त्यांचा नातू होता, मोठा झालेला. मी सांगितले, ज्येष्ठाचा महिना आहे, पिके माना टाकताहेत. दोन्हीकडचे दास आणि मजूर बांधावर जमतात. हे म्हणतात, आमचे पीक एका पाण्यावर निघेल, आम्हाला घेऊ द्या. तेही तेच म्हणतात. हातघाई होते. मग कुळे काढली जातात. तुम्ही कुत्र्या-कोल्ह्यांसारखे बहिणींशी संसार करणारे. तुम्ही बोरीच्या झाडात राहणारे महारोगी. विहारात हशा पिकला. सगळ्यांना आपापले बांध आठवले असणार.

मागे भिंतीला टेकून एक शेतकरी बसला होता. तो म्हणाला, "सर, धरन कोनाच्या हद्दीत होतं?"

मी पाली पाहून सांगितले, एकच बंधारा होता, दोघांनी मिळून घातलेला, दोघे त्यावरच शेती करत.

"मंग पाटकरी कोन होता? पान्याची पाळी कोन लावे?"

असला प्रश्न बुद्धघोषाला कुणी विचारला नसेल. मी पुन्हा पानात बघितले, आणि होते! मजुरांनी जाऊन त्या कामावर नेमलेल्या अमात्यांना सांगितले, अमात्यांनी राजकुळांना. ही ओळ मी कितीदा वाचली असेन, त्या अमात्यांकडे कधी लक्ष गेले नव्हते. मी म्हणालो, होते, पाटकरी होते. पण शाक्यांचे वेगळे, कोलियांचे वेगळे.

"एका बंधाऱ्यावर दोन पाटकरी?" तो म्हणाला. "म्हनूनच बाबासाहेब म्हन्ते, पाचवा निवडा."

मग तो उठला. रात्रीची थ्री-फेज अकराला येणार होती आणि त्याला मोटर लावायची होती.